विद्यापीठाच्या कंपनीत रुजू होताय? आधी हे कागद बघा

गोव्यात ‘रजिस्ट्रारचं पत्र आलंय’ असं कोणी म्हणालं, तर कुठल्या रजिस्ट्रारचं ते आधी विचारा. एक ताळगावच्या पठारावर बसतात, विद्यापीठाचे. दुसरे पणजीत पाटोवर, कंपन्यांचे. विद्यापीठाच्या मालकीच्या कंपनीत दोघांनाही उत्तर द्यावं लागतं, आणि कामं अडतात ती बहुधा या दोघांच्या मधल्या वाटेवर.

पहिल्या आठवड्यातच सभासदांची नोंदवही मागून घ्या. खासगी कंपनीला किमान दोन सभासद लागतात. त्यामुळे विद्यापीठ पूर्ण मालक असलं तरी एखादा शेअर कुणा अधिकाऱ्याच्या नावावर ठेवलेला असतो. तो शेअर खरा कोणाचा, हे एमजीटी-४ आणि एमजीटी-५ या घोषणापत्रांत लिहिलेलं हवं, आणि त्यावरून कंपनीने एमजीटी-६ हा फॉर्म भरलेला हवा. नसेल, तर अधिकारी निवृत्त झाल्यावर एका सहीसाठी गोव्याच्या दक्षिण टोकाला काणकोणपर्यंत खेपा घालाव्या लागतात.

संचालकांचंही तसंच. कुलगुरू बदलले की कंपनीचा संचालकही आपोआप बदलला, असं विद्यापीठात सगळे धरून चालतात. कायदा मात्र माणूस ओळखतो, खुर्ची नाही. नव्या माणसाचा डीआयएन, म्हणजे संचालक ओळख क्रमांक, त्याची लेखी संमती, आणि ३० दिवसांत डीआयआर-१२, म्हणजे संचालक बदलल्याचा फॉर्म. हे राहिलं तर जुन्या कुलगुरूंचं नाव नोंदीत तसंच राहतं. सलग ३ वर्षं वार्षिक कागद भरले गेले नाहीत तर ५ वर्षांची अपात्रता त्यांच्याही गळ्यात पडू शकते.

वार्षिक सभेत विद्यापीठातर्फे मत कोण देणार? कुलगुरूंचं पत्र पुरत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ११३ प्रमाणे विद्यापीठाच्या नियामक मंडळाचा, म्हणजे कार्यकारी परिषदेचा, ठराव लागतो. परिषद आपल्या सोयीने भरते, तुमच्या नाही. म्हणून विषय जूनमध्येच तिच्या कार्यक्रमपत्रिकेवर घाला.

तारखांचा हिशेब उलटा करा. वर्ष संपतं ३१ मार्चला, सभेची शेवटची मुदत ३० सप्टेंबर. नोटीस पूर्ण २१ दिवसांची (पाठवल्याचा आणि सभेचा दिवस सोडून), म्हणजे ईमेलने पाठवली तरी उशिरात उशिरा ८ सप्टेंबर. आणि नेमकी याच सुमारास चवथ! कचेरीत सहीला माणूस मिळत नाही. हिशेब जुलैअखेर लेखापरीक्षकाकडून सुटले नाहीत तर पुढचं सगळं ओढाताणीत जातं. सभेनंतर ताळेबंद एओसी-४ या फॉर्ममध्ये ३० दिवसांत, वार्षिक विवरणपत्र ६० दिवसांत. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये, आणि त्याला कमाल मर्यादा नाही. हा दंड कुठल्या शीर्षाखाली टाकायचा, यावर विद्यापीठाचा वित्त विभाग मग महिनाभर पत्रं लिहितो.

हितसंबंधांचा भाग सगळ्यात नाजूक. संचालक असलेल्या प्राध्यापकाची स्वतःची कंपनी असेल आणि तिलाच काम द्यायचं असेल, तर वर्षाच्या पहिल्या बैठकीत एमबीपी-१, म्हणजे हितसंबंधांचं लेखी घोषणापत्र, आणि तो विषय येईल तेव्हा पुन्हा उघड सांगणं, दोन्ही हवं. खासगी कंपनीत हितसंबंध सांगून चर्चेत बसण्याची सवलत आहे. आमचं मत विचाराल तर ती घेऊ नये. बाहेर जावं आणि तसं इतिवृत्तात लिहावं. इतिवृत्त ३० दिवसांत वहीत चढलं पाहिजे. प्रयोगशाळा, खोली, वीज विद्यापीठाची वापरत असाल तर लेखी करार आणि दर हवेत. ‘आपलीच तर आहे’ हे उत्तर लेखापरीक्षक मान्य करत नाही.

कंपनी कलम ८ ची, म्हणजे ना-नफा तत्त्वावरची, असेल तर लाभांश मिळणार नाही, हे परिषदेला सुरुवातीलाच सांगा. कलम ८ म्हणजे करमाफी, हाही गैरसमज. आयकराची नोंदणी वेगळी करावी लागते.

माहिती अधिकाराचा अर्ज आला तर ‘आम्ही खासगी’ म्हणून परत पाठवू नका. सरकारी मालकी, नियंत्रण किंवा भरीव अर्थसाहाय्य असेल तर कायदा लागू होतो आणि उत्तराला ३० दिवस असतात. अनुदानाच्या मंजुरीपत्रांची फाइल म्हणूनच वेगळी ठेवा; कंपनीत पैसा कुठून आला, ते पहिल्यांदा तिच्यातच पाहिलं जातं.