थॅलेसेमिया मायनर: एचपीएलसी आणि जीन रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

बीटा ग्लोबिनची (हिमोग्लोबिनमधल्या एका प्रथिनाची) साखळी बनवणारे एचबीबी जनुक ११व्या गुणसूत्रावर असते. त्याची एकच प्रत बिघडलेला माणूस म्हणजे थॅलेसेमिया मायनर, अर्थात वाहक. तीन एक्झॉनचे (प्रथिनाचा मजकूर असलेल्या तुकड्यांचे) हे जनुक आकाराने लहान, पण ते निकामी किंवा अर्धवट निकामी करणारे दोष दोनशेहून अधिक आहेत. भारतात त्यांतले मोजकेच पुन्हा पुन्हा आढळतात: आयव्हीएस १-५, आयव्हीएस १-१ (आयव्हीएस म्हणजे इंट्रॉन, दोन एक्झॉनांमधला भाग), ६१९ बेसची (डीएनएच्या अक्षरांची) गळती, कोडॉन (तीन अक्षरांचा गट) ८/९ आणि कोडॉन ४१/४२. महाराष्ट्रात कोडॉन १५ सुद्धा. जनुक कशामुळे बिघडले आहे त्यावर कोणती चाचणी ते पकडेल हे ठरते, आणि बहुतेक घोळ इथेच होतात.

एमसीव्ही कमी दिसला की थेट लोहाच्या गोळ्या

एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ८० च्या खाली, एमसीएच (एका पेशीतले सरासरी हिमोग्लोबिन) २७ च्या खाली, पण तांबड्या पेशींची संख्या ५० लाखांच्या वर असेल, तर आधी थॅलेसेमिया मायनरची शंका घ्या. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी चाचणी) सोबतच करा. लोहाची कमतरता जास्त असेल तर एचबी ए२ (वाहकात वाढणारा हिमोग्लोबिनचा प्रकार) खाली येते आणि वाहक ‘नॉर्मल’ ठरू शकतो. ए२ ४ टक्के किंवा जास्त असेल तर निदान सहसा सरळ असते, ३.५ ते ३.९ मध्ये अडकले तर लोह भरून काढून चाचणी पुन्हा करा किंवा सरळ डीएनए तपासा. कॅप+१ सारखे सौम्य दोष आणि (ए२ बनवणाऱ्या) डेल्टा जनुकातले दोष नेमके याच पट्ट्यात लपतात. बाई गरोदर असेल तर थांबायला वेळ नाही. नवऱ्याचे सीबीसी आणि एचपीएलसी त्याच दिवशी करा.

बाळ सहा महिन्यांच्या आत असेल, किंवा नुकतेच रक्त चढवले असेल, तर एचपीएलसीवर निष्कर्ष काढू नका. पहिल्या बाबतीत एचबी एफच (गर्भातले हिमोग्लोबिन) भरपूर असते; दुसऱ्या बाबतीत आपण दात्याचे रक्त मोजत असतो. अशा वेळी आई-वडिलांची तपासणी जास्त बोलकी ठरते.

‘सिक्वेन्सिंगमध्ये काही सापडले नाही’, म्हणून फाइल बंद

सिक्वेन्सिंग म्हणजे जनुकाची अक्षरे वाचणे, आणि ही सर्वांत महागात पडणारी चूक. ६१९ बेसच्या गळतीत तिसरा एक्झॉनच उडालेला असतो. वाहकाच्या त्या गुणसूत्रावर प्रायमर (पीसीआर सुरू करणारा डीएनएचा छोटा तुकडा) बसायला जागाच नसते, त्यामुळे पीसीआरमध्ये फक्त चांगली प्रत वाढते आणि सिक्वेन्स स्वच्छ दिसतो. सिंधी आणि लोहाणा कुटुंबांत ही गळती बरीच आढळते, तेव्हा ए२ वाढलेले असूनही सिक्वेन्सिंग कोरे आले तर गॅप-पीसीआर किंवा एमएलपीए (गळती पकडणाऱ्या चाचण्या) मागा.

उलट बाजूची चूक म्हणजे इंट्रॉनमधला बदल ‘प्रथिनाबाहेरचा’ म्हणून सोडून देणे. भारतातला सर्वाधिक आढळणारा दोष, आयव्हीएस १-५, इंट्रॉनमध्येच आहे: पहिल्या इंट्रॉनच्या पाचव्या जागी जीऐवजी सी. त्यामुळे स्प्लायसिंगची (इंट्रॉन कापून एक्झॉन जोडण्याची) खरी जागा कमकुवत होते, आजूबाजूच्या खोट्या जागा वापरल्या जातात आणि योग्य आरएनए थोडाच बनतो. एक्झोमचे (सर्व जनुकांचे एक्झॉन वाचणाऱ्या चाचणीचे) सॉफ्टवेअर इंट्रॉनच्या +१ आणि +२ या जागांना आपोआप ‘जनुक निकामी’ असा शिक्का मारते, +५ ला नाही. म्हणून सी.९२+५जी>सी ही नोंद स्वतः शोधावी.

जुना रिपोर्ट कोडॉन १५, नवा १६

दोष एकच आहे. जुन्या पद्धतीत सुरुवातीचे मेथिओनिन मोजत नसत, नव्यात मोजतात. बापाच्या जुन्या कागदावर ‘कोडॉन १५’ आणि मुलीच्या नव्या कागदावर ‘ट्रिप१६’ पाहून नमुना बदलला असे समजू नका.

प्रत्येक ‘स्टॉप’ एकाच मापाचा

‘स्टॉप’ म्हणजे साखळी मध्येच थांबवणारा दोष. कोडॉन ३९ला तो आला तर साखळी अर्धवट तुटते, पण पेशी असा आरएनए आधीच नष्ट करते. खराब प्रथिन फारसे बनत नाही आणि एक चांगली प्रत काम भागवते. माणूस वाहक म्हणून ठणठणीत राहतो. तिसऱ्या एक्झॉनमधल्या कोडॉन १२१ला (नव्या मोजणीत १२२) स्टॉप आला, तर तो आरएनए या चाळणीतून निसटतो. तोकडी साखळी बनते, तांबड्या पेशीच्या पूर्वपेशींत साचते, आणि एकाच दोषावर थॅलेसेमिया इंटरमिडियासारखा (मध्यम तीव्रतेचा) आजार होऊ शकतो. ‘एकच प्रत बिघडली आहे, काळजी नाही’ हे सांगण्याआधी स्टॉप कुठल्या एक्झॉनमध्ये आहे ते बघा.

‘आमचे दोष वेगवेगळे, मग धोका नाही’

नवऱ्याला ६१९ आणि बायकोला आयव्हीएस १-५ असेल तरी प्रत्येक गर्भधारणेत २५ टक्के शक्यता दोन्ही दोष एकत्र येण्याची असते, आणि हे दोन एकत्र आले की सहसा थॅलेसेमिया मेजरच (नियमित रक्त चढवावे लागणारा गंभीर आजार) होतो. जोडीदाराला सिकलसेलचा वाहकपणा असेल तरी हेच गणित लागू, फक्त मूल सिकल-बीटा थॅलेसेमियाचे होते. विदर्भात हे विचारायला विसरू नका.

गर्भाची तपासणी करायची तर जोडप्याचे दोन्ही दोष आधी ओळखलेले हवेत. कोरिऑनिक व्हिलाय (वारेच्या पेशींचा) नमुना साधारण ११व्या आठवड्यापासून घेता येतो. नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या तर आईचाच दोष गर्भाचा म्हणून दिसतो. त्यामुळे आईच्या रक्ताशी एसटीआर मार्कर (माणसामाणसांत वेगळ्या असणाऱ्या डीएनएच्या खुणा) जुळवून पाहिल्याची नोंद रिपोर्टमध्ये नसेल, तर प्रयोगशाळेला ती मागा.