गावच्या शाळेवर चर्चा करताना या चुका टाळा

"पोरगं पाचवीत गेलं, पन त्याले वाचता येत नाही." ग्रामसभेत जिल्हा परिषदेच्या शाळेचा विषय निघाला की सुरुवात बहुधा अशा वाक्यानं होते. तक्रार खरी असते. पण लगेच कोणी गुरुजींवर घसरतं, गुरुजी पालकांकडे बोट दाखवतात, कोणी आवारभिंतीचा विषय काढतं, तर कोणी म्हणतं, कॉन्व्हेंटची गाडी गावात यायला लागली तेव्हाच शाळा बसली. सभा उठते आणि ते पोरगं नेमकं कुठं अडलं, हे कोणालाच कळलेलं नसतं. आधी ते शोधा. बाकीचे वाद त्यानंतर निम्मे कमी होतात.

चूक पहिली: न तपासता उपाय ठरवणं

सोयाबीन पिवळं पडलं की जाणता शेतकरी आधी पान उलटून बघतो, मग फवारणीचं ठरवतो. शाळेच्या बाबतीत मात्र आपण थेट फवारणीवर जातो: टॅब आणा, भिंती रंगवा, जादा तास घ्या.

तपासणी अवघड नाही. ग्रामीण मुलांना वाचन आणि गणित किती येतं हे बघणाऱ्या, 2005 पासून होत आलेल्या 'असर' पाहणीची पद्धत गावातही वापरता येते. एकेका मुलाला शेजारी बसवायचं आणि आधी अक्षरं, मग साधे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला द्यायची. गणितात अंक ओळखणं, हातच्याची वजाबाकी आणि भागाकार. वीस-पंचवीस पटाच्या शाळेत हे काम एक-दोन दिवसांत होतं. गुरुजींनी तपासावं, शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या ताईनं सोबत बसावं. सभेत मात्र मुलांची नावं वाचू नका. "चौथी-पाचवीतली सहा मुलं शब्दांवर अडली आहेत" एवढं पुरे. गावासमोर लाज गेलेलं मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येईलच असं नाही.

एवढं कळलं की उपायही बदलतो. काना-मात्रेवर अडलेल्या पाचवीच्या मुलाला पाचवीचं पुस्तक दहा वेळा वाचून दाखवलं तरी उपयोग नाही. दिवसातला एक तास इयत्ता बाजूला ठेवून, जे मूल जिथं आहे तिथल्या गटात बसवावं लागतं. दोन शिक्षक आणि पाच इयत्ता असलेल्या शाळेला तर हे सोयीचंच पडतं. आणि सुधारणा होते. 'असर'नुसार ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमध्ये दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुलं 2022 मध्ये 16.3 टक्के होती, 2024 मध्ये 23.4 टक्के झाली. आकडा अजून लाजिरवाणा आहे, पण "काही होतच नाही" म्हणणाऱ्यांना त्यात उत्तर आहे.

चूक दुसरी: कॉन्व्हेंट हेच माप मानणं

टाय-बूट आणि पाठ केलेली इंग्रजी कविता म्हणजे शिक्षण नव्हे. कॉन्व्हेंटला जाणाऱ्या मुलाचीही घरी हीच तपासणी करून बघा. फी आणि गाडीभाडं भरण्याचा निर्णय त्यानंतर घ्या.

चूक तिसरी: मोजक्यांच्या यशावर समाधान मानणं

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते. दोन मुलं नवोदयला लागली, एकाला शिष्यवृत्ती मिळाली की शाळेचा सत्कार होतो. तो व्हावाच. पण पुढच्या-मागच्या मुलांमधली दरी मोजायची तर मागे राहिलेल्यांकडे बघावं लागतं, आणि आपल्याकडे ही मुलं कोण आहेत हे गावाला आधीच माहीत असतं.

धारणी-चिखलदऱ्यातलं लेकरू घरी कोरकू बोलतं, यवतमाळातल्या पोडावरचं (कोलामांच्या वस्तीवरचं) कोलामी, भामरागड-एटापल्लीकडचं माडिया किंवा गोंडी. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, कोलामी आणि गोंडी द्रविड कुळातल्या. म्हणजे पहिलीच्या वर्गात या लेकराला वाचन आणि एक नवी भाषा एकदमच शिकायची असते. त्याला मठ्ठ ठरवून मोकळं होणं हा अन्याय आहे. शिक्षण हक्क कायद्यानंही शक्य तिथं मातृभाषेतून शिकवायला सांगितलं आहे. गुरुजींना ती भाषा येत नसेल तर गावातली बारावी झालेली मुलगी पहिली-दुसरीच्या वर्गात रोज तासभर बसू शकते का, हा सभेत विचारण्यासारखा प्रश्न आहे.

दुसरं कारण हंगामाचं. कापूस वेचणीला मोठी बहीण घरी थांबते, कारण धाकट्याला सांभाळायला कोणी नसतं. मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुलं वेचायला अख्खं घर जातं. दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्टीवर किंवा बाहेरगावी मजुरीला निघतात. शाळेच्या हजेरीत हे फक्त "गैरहजर" म्हणून दिसतं. जाणाऱ्या मुलांची यादी दिवाळीच्या आधीच करा. हंगामी वसतिगृहाची सोय राज्यात आहे. तिचा प्रस्ताव वेळेत गेला तर आई-वडील बाहेर गेले तरी मूल गावातच राहून शिकू शकतं. जाणं टळत नसेल तर शिक्षण हमी कार्ड सोबत द्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसायला अडचण येणार नाही.

चूक चौथी: समिती फक्त सहीपुरती ठेवणं

कायद्यानं व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला लागतात. शाळा विकास आराखडा करणं हे समितीचंच काम. प्रत्यक्षात किती गावांत आई-सदस्य बोलतात? बैठक दुपारी बारा वाजता ठेवली तर मजुरी बुडवून कोण येईल? संध्याकाळी ठेवा. समग्र शिक्षा अभियानातून येणारं शाळा अनुदान किती आलं, कशावर गेलं, हे फळ्यावर लिहा.

चूक पाचवी: रिकाम्या पदाचा राग हजर गुरुजींवर काढणं

पट 60 पर्यंत असेल तर पहिली ते पाचवीला दोन शिक्षक हवेत. त्यातलं एक पद रिकामं असेल तर राहिलेला माणूस पाचही इयत्ता ओढतो, वर ऑनलाइन माहितीही भरतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक कामं देता येत नाहीत. गुरुजी खरोखरच दांड्या मारत असतील तर हजेरीच्या तारखांसह केंद्रप्रमुखांकडे जा. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्या एकत्र करू नका.

कमी पटामुळे शाळा बंद होण्याची भीती असेल तर भावनेपेक्षा अंतरावर बोला. राज्याच्या नियमाप्रमाणे प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीनच्या आत हवी. वाटेत नाला असेल तर पावसाळ्यात तो किती दिवस अडवतो, हेही लिहून ठेवा.

गटशिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज देताना नुसतं "शिक्षक द्या" लिहू नका. मंजूर पदं, भरलेली पदं, इयत्तावार पट, वाचन तपासणीचा निकाल आणि समितीचा ठराव जोडा. पंचायत समितीतून पोच घ्या आणि पुढच्या मासिक बैठकीत पहिला विषय त्याच अर्जाचा ठेवा.