कॅनॉलवर पहिल्यांदा गळ टाकताय? शिंगाळा-मांगूरसाठी थोडं सांगतो

खडकवासल्यातून निघालेला आपला मुठा उजवा कॅनॉल हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन करत पार इंदापूरकडे जातो, त्यात शिंगाळा, मांगूर, कधीमधी शिवडा असे मिशीवाले मासे लागतात, पण नवीन पोरं येतात आणि अंगात असेल तेवढा जोर लावून बरोब्बर मधोमध गळ फेकतात, तिथंच चुकतं. मधे धार असते, हा मासा धारेत उगाच ताकद घालवत नाही. तो थांबतो पुलाच्या खांबामागे, चारीच्या (शेताकडे जाणाऱ्या छोट्या फाट्याच्या) गेटपाशी, नाहीतर अस्तर फुटून खड्डा पडलाय तिथे. पाला-कचरा एका जागी गोल गोल फिरताना दिसला की गळ तिथेच टाकायचा, काठापासून दोन हातांवर असला तरी.

दुसरं म्हणजे आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडायची पाळी. जायच्या आधी शेजारच्या शेतकऱ्याला विचारा पाणी सुटलंय का बंद आहे. नुकतंच सुटलं असेल तर घरी बसा, सगळं शेवाळ आणि पिशव्या तंगूसला (गळाच्या नायलॉन दोरीला) येतात. पाणी बंद होऊन उतरायला लागलं की मासे खोलगट जागी गोळा होतात, माझे चांगले दिवस सगळे तेव्हाचेच. पण डबकं आटत आलं म्हणून जाळं लावून पिल्लांसकट उपसू नका, खरंच वाईट वाटतं बघून.

यूट्यूबवर कॅलिफोर्नियाच्या कॅनॉलमधे स्ट्रायपर नावाचा मासा पकडतात ते बघून चमकणारे प्लास्टिकचे मासे विकत घेऊ नका, स्ट्रायपर आपल्याकडे नाहीच. आपल्याला तळाशी आमिष हवं. तंगूसमधे आधी भोकाचं शिसं ओवा, मग स्विव्हल (गोल फिरणारी छोटी कडी) बांधा, त्याला दीडेक फुटाचा तुकडा आणि टोकाला १/० चा गळ. शिसं तंगूसवर मोकळं सरकलं पाहिजे, म्हणजे मासा आमिष घेऊन निघाला तरी त्याला वजन लागत नाही. आमिष म्हणून गांडूळ नाहीतर कोंबडीची कलेजी, कारण याला दिसण्यापेक्षा वासाचं कळतं, मिशांनी चव घेतो तो. कलेजी पाण्यात लगेच सुटते म्हणून शिवणाच्या दोऱ्याचे चार वेढे द्या, गळाचं टोक मात्र उघडं ठेवा. कणकेला जास्त करून चिलापीच येते.

दिवस मावळताना बसा. रॉडचं टोक टक टक हललं तर बारकं कोणीतरी कुरतडतंय, हात लावू नका. शिंगाळा घेतो तेव्हा टोक हळूच वाकतं आणि वाकलेलंच राहतं, तंगूस बाजूला सरकायला लागतं, तेव्हा उचला. मी पहिले दोन महिने टक टक झालं की झटका मारायचो आणि रिकामा गळ ओढायचो.

मासा वर आला की घाईत मुठीत धरू नका. शिंगाळ्याला पाठीवर एक आणि दोन्ही बाजूच्या पंखांना एक एक असे तीन काटे असतात, करवतीसारखे; मांगूरला पाठीवर नसतो, बाजूचे दोनच. माझ्या अंगठ्यात एकदा घुसला, रात्रभर ठणकत होता, सोसेल एवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्यावर उतरला. ओल्या फडक्याने मागून धरा, बोटं बाजूच्या काट्यांच्या मागे ठेवा, आणि गळ पक्कडीनेच काढा. शिवड्याला तर बारीक दात असतात, त्याच्या तोंडात बोट घालायचंच नाही.

आणि कॅनॉलच्या उतारावर खाली उतरू नका. सिमेंटवर शेवाळ असतं, पाय सरकला की धरायला काही नसतं आणि पाणी ओढून नेतं. अडकलेला गळ तोडून टाका, वीस रुपयांचा आहे. एकटे जाऊ नका, सोबत लांब दोर ठेवा. बऱ्याच ठिकाणी मासेमारीचा ठेका स्थानिक संस्थेकडे असतो, तिथल्या माणसाला विचारूनच बसा. पावसाळ्यात पोट फुगलेली अंडीवाली मादी लागली तर सोडून द्या. बेबी कॅनॉलला, म्हणजे जुन्या मुठा उजव्या कॅनॉलला, मुंढव्याहून शहराचं सांडपाणी प्रक्रिया करून सोडतात, तिथला मासा मी तरी घरी नेत नाही.