घोषणा बोचरी, मोर्चा शांत

मोर्चा बहुतेक वेळा फलकांवर अडकतो, म्हणून सुरुवात तिथूनच करा. आदल्या रात्री सगळे फलक जमिनीवर मांडून मोठ्याने वाचा. 'हे सरकार विकाऊ आहे' हे झोंबतं, पण ते मत आहे, चालतं. 'अमक्या मंत्र्याने झोन बदलायला पैसे खाल्ले' हा आरोप झाला. कागद हातात नसेल तर तो फलक घरीच ठेवा, कारण बदनामीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. मंत्र्याला सोलून काढा, त्याच्या धर्माला, जातीला, भाषेला हात लावू नका. गटागटांत वैर पेटवल्याचं कलम १९६ आणि धर्मभावना दुखावल्याचं २९९ तिथेच टपून असतात. 'मारा', 'फोडा' हे शब्द तर नकोतच. चर्चा आणि प्रचार कितीही कडवट असला तरी चालतो, चिथावणी चालत नाही, ही रेघ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली श्रेया सिंघल खटल्यात आखून दिली. पुतळा नरकासुराच्या थाटाचा करा हवं तर, पण भर बाजारात पेटवू नका.

पोलीस ठाण्याला पत्र दोन प्रतींत द्या: तारीख, वेळ, मार्ग, अंदाजे संख्या, दोन जबाबदार माणसांचे फोन नंबर. आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. 'साहेब नाहीत, उद्या या' म्हटलं तर तिथेच बसा. ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी वेगळी लागते. रात्री १० ते सकाळी ६ तो बंद. नकार दिला तर कारणासह लेखी मागा. त्या कागदाशिवाय उच्च न्यायालयाच्या खंडपीठात काय दाखवणार?

पणजीत आझाद मैदान सोयीचं. पर्वरीत विधानसभेचं अधिवेशन असेल तर जमावबंदी आहे का ते आधी विचारा. जमावबंदीचा, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ चा आदेश लेखी असतो, सहसा दोन महिन्यांपलीकडे चालत नाही. प्रत मागून घ्या. रस्ता अडवून बेमुदत बसणं मात्र हक्कात बसत नाही, हे २०२० मध्ये दिल्लीतल्या शाहीनबाग धरण्यावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्पष्ट केलं.

विरोधी गट चालून आला तर? त्यांच्या धमकीपायी तुमचं तोंड बंद करणं हा सरकारपुढचा मार्ग नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच रंगराजन खटल्यात म्हटलंय. तरी उलट उत्तर देऊ नका. मध्ये दोरी धरा, पोलिसांना पुढे बोलवा, मोबाईलवर न थांबता चित्रीकरण चालू ठेवा. तुकड्यातुकड्यांच्या व्हिडिओवरून भांडण कुणी सुरू केलं ते कळत नाही.

उचललंच, तर अटकेचं कारण लेखी मागा, घरी कळवायला लावा आणि घड्याळ बघून ठेवा. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावंच लागतं.