जुनी गाडी घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा

२०२१च्या पुरात चिपळूणमध्ये कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी गाडी धुऊनपुसून विकली, तरी सीटबेल्टच्या आत गुंडाळलेल्या भागावर बरेचदा चिखलाची रेघ उरते. म्हणून पट्टा पूर्ण ओढून बघा, स्टेपनीखालचा गंजही. मालकाची विमा पॉलिसी मागा. नो क्लेम बोनस (आधीच्या वर्षी विम्याचा दावा केला नसेल तर हप्त्यात मिळणारी सूट) शून्य असेल तर कारण विचारा.

सगळ्यात महत्त्वाचं, "अपघात झाला होता का? पाणी शिरलं होतं का?" हे व्हॉट्सॲपवर लिहूनच विचारा आणि उत्तर जपून ठेवा. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार विकणारा नुसता गप्प राहिला तर ती सहसा फसवणूक ठरत नाही. जाणूनबुजून खोटं सांगितल्याचं सिद्ध झालं, तर मात्र व्यवहार रद्द करण्याची मागणी करता येते.