समुद्र शांत दिसतोय म्हणून कयाक काढताय? आधी या चुका टाळा

नांदेड-लातूरकडून नागपूर-रत्नागिरी महामार्ग धरला की सोलापूर, कोल्हापूर करत आंबा घाट उतरायचा, पुढं समुद्रच. त्यामुळं आमच्याकडची पोरं हल्ली गाडीच्या टपावर कयाक, म्हणजे पॅडलनं वल्हवायची छोटी अरुंद होडी, बांधून कोकणात गळ टाकायला जायला लागली आहेत. हौस चांगली आहे. असे गट घेऊन मीही जातो. पण दर हंगामात माणसं नवी आणि चुका त्याच, याचा आता कंटाळा आलाय.

गंमत अशी की या चुका खवळलेल्या समुद्रात होत नाहीत. खवळलेला समुद्र बघितला की मराठवाड्याचा माणूस शहाण्यासारखा किनाऱ्यावर बसून नारळपाणी पितो. पाणी शांत दिसलं की मात्र त्याला गावाकडचा तलाव आठवतो. त्यात सोबत पाच-सहा जण असले की झालंच. लक्ष दुसरा कोणीतरी ठेवतोय, असं प्रत्येकालाच वाटत असतं.

पुळणीवर उभं राहून "वारंच नाही" म्हणणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हिवाळ्यात पहाटे कोकणात वारा जमिनीकडून समुद्राकडं वाहतो. शाळेत 'मतलई वारे' म्हणून पाठ केले होते, तेच हे. रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्र त्या मानानं उबदार राहतो, म्हणून हवा तिकडं सरकते. हा वारा डोंगर, माड, घरं ओलांडून येतो, त्यामुळं किनाऱ्यालगतचं पाणी आडोशाला पडतं आणि परातीतल्या पाण्यासारखं सपाट दिसतं. लाट उठायला वाऱ्याला मोकळं पाणी लागतं, आणि ते त्याला पुढं गेल्यावर मिळतं. म्हणजे तुम्ही पुळणीवरून बघता तो समुद्राचा सगळ्यात सभ्य भाग. शिवाय जाताना वारा पाठीवर असतो. तो जाणवतच नाही, उलट आज आपला हात बरा चाललाय असं वाटतं.

एका जानेवारीत रत्नागिरीच्या दक्षिणेला एका छोट्या गावातून आम्ही सहा कयाक उतरवल्या. उदगीरकडचे एक कंत्राटदार होते, दंडात ताकद भरपूर. डोंगराचं टोक समुद्रात घुसलंय त्याच्या पुढं कोणी जायचं नाही, एवढंच मी सांगितलं होतं. ते म्हणाले, "काका, वारं कुठाय? झाडाचं पान हलंना." तासभर सगळं सुरळीत चाललं. पिसांच्या गळांना बांगडे लागत होते, सगळे खूष. मग टोकाच्या पलीकडं पक्षी पाण्यावर तुटून पडायला लागले, तारली उसळताना दिसली. खाली सुरमई असणार, म्हणून हे निघाले. मी शिट्टी फुंकली, तर त्यांनी शाबासकी मिळाल्यासारखा हात वर केला.

टोकाचा आडोसा सुटल्यावर त्यांना वारा कळला, तोही परत फिरल्यावर, तोंडावर आला तेव्हा. लांबून आम्हाला त्यांचं पॅडल वर-खाली होताना दिसत होतं, माणूस मात्र जागचा हलत नव्हता. मोबाईल होता, पण प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुढच्या झाकणाखाली ठेवलेला. बसल्या जागेवरून तिथं हात पोचतच नाही. शिट्टी गाडीत राहिली होती. त्यांच्या मागं मी कोणालाही जाऊ दिलं नाही, कारण एक अडकला की दुसरा जातो आणि मग दोघं अडकतात. जाळी ओढून घरी निघालेली एक होडी दिसली, तिला पॅडल उंच धरून खूण केली. तांडेलानं, म्हणजे होडीच्या म्होरक्यानं, त्यांना वर घेतलं, कयाक मागं बांधली आणि आणून सोडलं. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, की दहा-अकराला हा वारा पडला असता, मग खारा वारा सुटून त्यानं तुम्हाला आत आणलंच असतं, पण पुळणीवर नव्हे, त्या खडकावर. कंत्राटदार मात्र कोल्हापूर येईपर्यंत ती सुरमई केवढी होती तेच सांगत होते.

आता माझी सवय सांगतो. लाटा फुटतात तो पट्टा ओलांडून शे-दोनशे मीटर गेलं की सगळा गट जमिनीकडं तोंड करून थांबवायचा, पॅडल मांडीवर. एका रेषेतल्या दोन खुणा धरायच्या, जवळचा एखादा माड आणि त्याच्या मागचा देवळाचा कळस. पाच मिनिटांत माड आणि कळस एकमेकांपासून सरकले तर आपण आडवे वाहतोय. कोळी लोक पिढ्यान्‌पिढ्या अशाच खुणांवर चालतात. नंतर पाच मिनिटं किनाऱ्याकडं पॅडल मारून बघायचं. दम लागला तर त्या दिवशी तिथंच, किनाऱ्याला समांतर फिरून मासेमारी करायची. आणि परतीची वेळ आधी ठरवायची. ती घड्याळावर असते, मासा लागतोय की नाही यावर नाही. साडेनऊ म्हणजे साडेनऊ.

वाऱ्याची ॲप बघा, मीही बघतो. हैदराबादच्या इन्कॉइसचा समुद्राचा अंदाजही बघतो. पण मोबाईलला तुमच्या गावाचं टोक माहीत नसतं, म्हणून होड्या लागतात तिथं जाऊन एखाद्या म्हाताऱ्या कोळ्याला विचारतो. यात कमीपणा वाटणारे बरेच भेटतात. दोन व्हिडिओ बघून आलेल्यांना तर फारच वाटतो.

भरती-ओहोटी न बघणं

संकष्टी बघायला भिंतीवरचं कॅलेंडर चालतं, मग यालाही चालतं. तिथीला पाऊणनं गुणा, साधारण पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जोरात ओढतं, तेव्हा नवखी माणसं मी नेतच नाही. ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखासमोर जायचं नाही, पाणी कितीही शांत दिसलं तरी.

"मला पोहता येतं"

येतच असणार. आमच्याकडं निम्मा गाव पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलाय. पण विहिरीला काठ असतो आणि पाच हातांवर पायऱ्या असतात. कयाकवरून पडल्यावर पोहून कुठं जायचं नसतं, परत कयाकवर चढायचं असतं. हे वेगळं काम आहे, आणि शंभरातल्या नव्वद जणांनी ते कधी करून बघितलेलं नसतं. लाइफ जॅकेट सीटखाली दाबून ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांची कयाक गाडीवरून उतरवतच नाही.

चढायची पद्धत अशी. कयाक उलटी झाली असेल तर बुडावरून हात टाकून पलीकडची कड धरायची आणि अंगाकडं ओढून सुलटी करायची. मग सीटच्या बाजूला यायचं. इथंच सगळे चुकतात. कड धरून लोंबकळतात, पाय कयाकच्या खाली जातात, वर ओढायला गेलं की कयाक पुन्हा अंगावर येते. आधी पाय मागं, पाण्याच्या वर आणायचे आणि जोरात मारायचे. अंग आडवं झालं की छाती कयाकवर सरकवायची, पोट सीटवर येईपर्यंत. मग कुशीवर वळून बसायचं, पाय सगळ्यात शेवटी आत. घाई केली की परत पाण्यात. आणि रॉडला लटकणारे तीन तोंडांचे गळ आधी झाकून ठेवलेले नसले, तर चढताना ते नक्की कुठंतरी घुसतात.

याचा सराव घरीच करून यायचा, कमरेएवढ्या पाण्यात सुरुवात करून, परवानगी असलेल्या तलावावर, काठावर माणूस ठेवून. जायकवाडीचा नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथं आपलं आपण ठरवून उतरायचं नाही. आणि शेततळ्यात तर अजिबात नाही. "मामाचं शेततळं आहे की, तिथंच करू," असं दरवेळी कोणीतरी म्हणतंच. तळाला आणि उताराला प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळ. पट्टीचा पोहणारासुद्धा त्या उतारावरून वर येऊ शकत नाही. आमच्या भागात शेततळ्यांनी माणसं घेतलीत.

गट करून विखुरणं

जोड्या लावा. प्रत्येकाची जोडी ठरलेली, आणि दोघांत अंतर एवढंच की साध्या आवाजात हाक ऐकू जावी. वेग सगळ्यात हळू माणसाचा. त्याला मागं टाकून पुढं जाणाऱ्याला पुढच्या वेळी मी बोलवत नाही. मासा एकाला लागला की पाचही जण तिथं धावतात आणि दोऱ्यांचा गुंता करतात. शिट्टी जॅकेटला बांधलेली, मोबाईल पाण्यापासून जपून छातीशी. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर सेव्ह केलेला असावा. कयाकवर उंच काठीला भडक झेंडा लावा, नाहीतर ट्रॉलरवाल्याला तुम्ही दिसत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

रात्रभर गाडी हाणून पहाटे थेट पाण्यात उतरणं. एक रात्र झोपा. मासे पळून जात नाहीत.

कयाकच्या बुडाचं बूच न लावणं. हसू नका, दर हंगामात एकजण तरी निघतोच. तास-दीड तासानं कयाक जड लागते, डुलायला लागते, आणि तोवर आत पाणी भरलेलं असतं.

नांगराचा दोर कयाकच्या मधोमध कडेला बांधणं. प्रवाहानं दोर ताणला की कयाक आडवी होऊन उलटते. दोर टोकालाच हवा, आणि झटक्यात सोडता आला पाहिजे.

सकाळी तर्रीदार मिसळ हाणून जाणं. लाट संथ असली, कयाक थांबलेली असली आणि मान खाली घालून गळ बांधत बसलात, की बोट लागते. पोट हलकं ठेवा, नजर क्षितिजावर ठेवा.

कोळ्यांच्या जाळ्यांच्या बोयऱ्यांना, म्हणजे खुणेच्या तरंगत्या गोळ्यांना, कयाक बांधणं. ती त्यांची रोजीरोटी आहे, त्यांनी शिव्या दिल्या तर ऐकून घ्या.

मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. कुठं गळ टाकायचा नाही, हे तिथं आधी विचारा.

पावसाळ्यात जाणं. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक मासेमारी बंद असते. "आपल्या कयाकला इंजिन कुठाय?" हा युक्तिवाद मी ऐकलेला आहे. इंजिन नाही म्हणून तर आणखीच जायचं नाही. नारळी पौर्णिमेनंतर होड्या निघतात, मी दिवाळीनंतर निघतो.

शिंगाळा उघड्या हातानं धरणं. पाठीवरचा आणि कल्ल्यांजवळचे काटे विषारी असतात. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा आणि नंतर डॉक्टरकडं जायचं. हळद लावून गप्प बसायचं नाही.

आणि रील न धुता घरी नेणं. खारं पाणी आठवड्यात बेअरिंग खातं. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेली लातूरची माणसं पाण्याला जपतात, मान्य आहे, पण एक तांब्या खर्च करा. ड्रॅग, म्हणजे दोरा किती ताणावर सुटेल ते ठरवणारा रीलचा ब्रेक, घट्ट करून वरून गोडं पाणी हळू ओतायचं. पाइपची जोरदार धार मारायची नाही, तिनं मीठ आत ढकललं जातं. मग पुसायचं, ड्रॅग सैल करायचा आणि सावलीत वाळवायचं. हे कोकणातच, गाडी सुरू करण्याआधी.