चिनी मुलांना ऑनलाइन इंग्रजी शिकवायचंय? आधी आपला ‘प’ तपासा

आधी कटू गोष्ट. जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने खासगी शिकवण्यांवर जे निर्बंध आणले, त्यात देशाबाहेर बसलेल्या परदेशी शिक्षकांकडून शिकवून घ्यायला सक्त मनाई आहे. शाळेत न जाणाऱ्या लहानग्यांचे ऑनलाइन वर्गही बंद. त्यामुळे ‘घरबसल्या बीजिंगच्या मुलांना शिकवा’ अशी जाहिरात दिसली तर लांबच राहा. मानधन बुडालं तर दाद मागायला जागा नाही. काम शोधायचं ते हाँगकाँग, तैवान आणि चीनबाहेर स्थायिक झालेल्या चिनी कुटुंबांत. हाँगकाँग-तैवानचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. तिथले संध्याकाळचे ५ ते ८ म्हणजे आपले दुपारचे २:३० ते ५:३०. दिवसाची नोकरी सांभाळून हे जमत नाही, हे आधीच लक्षात घ्या.

आता खरी मेख. मराठीत ‘प’ आणि ‘ब’ वेगळे होतात ते घशातल्या कंपनाने. मँडरिन आणि कँटोनीज या दोन्ही चिनी भाषांत तसं नाही. तिथे फरक फक्त श्वासाच्या झोताचा. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीच्या पी, टी, के यांना असा झोत असतो, आपण मात्र ते साध्या ‘प, ट, क’सारखे उच्चारतो. परिणाम काय? तुम्ही ‘पिग’ म्हणता, मुलाला ‘बिग’ ऐकू येतं. ‘टेन’चं ‘डेन’, ‘कोट’चं ‘गोट’. मूल जे ऐकलं तेच इमानेइतबारे परत म्हणतं, तुम्ही ‘नो, नो’ करून पुन्हा तसंच म्हणता. तिसऱ्या खेपेला ते गप्प होतं आणि कॅमेऱ्यातून बाजूला सरकतं. मूल मठ्ठ नाही, त्याचा कान तयार आहे. दुरुस्ती आपल्याकडे हवी.

उपाय सोपा आहे. टिश्यूपेपरची पट्टी ओठांपुढे धरा आणि ‘पेन’ म्हणा. पट्टी उडायला हवी. ‘फ’ म्हणायचा, पण दोन्ही ओठ पूर्ण मिटून. दात ओठाला लागले की ‘फॅन’मधला ‘फ’ होतो आणि नवाच घोळ. ‘टेन’ला ‘ठ’चा झोत, जीभ मात्र दातांमागच्या उंचवट्यावर. ‘कॅट’ला ‘ख’चा. एस नंतर झोत नको: ‘स्पून’, ‘स्टार’, ‘स्काय’ म्हणताना पट्टी हलता कामा नये. रोज दहा मिनिटं, आणि रेकॉर्ड करून ऐका. माइक तोंडासमोर न धरता ओठांच्या कोपऱ्याशी ठेवा आणि ॲपमधलं आवाज गाळणं (‘नॉइज सप्रेशन’) कमीत कमी करा, नाहीतर ते हा झोत गोंगाट समजून कापून टाकतं.

एवढं साधलं की बाकी मराठी वळण राहिलं तरी बिघडत नाही. ‘अमेरिकन ॲक्सेंट’ विकणाऱ्या गुरूंना पैसे देऊ नका. १२० तासांचं टेफल, म्हणजे परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं, प्रमाणपत्र मागतात म्हणून करा, पण त्याने गट सांभाळता येत नाही.

गट चार ते सहा मुलांचा. पंचवीस मिनिटांत चार शब्द आणि एक वाक्य, जास्त नको. सगळ्यांनी एकत्र म्हणायचं ते माइक बंद ठेवून; उघडे ठेवले तर आवाज मागेपुढे पोचतात आणि कोण नुसतं ओठ हलवतंय ते कळत नाही. मग एकेकाचा माइक उघडा. प्रश्न आधी, नाव नंतर. नाव आधी घेतलंत तर बाकीचे सुटलो म्हणून खेळण्यांकडे वळतात.

मँडरिनमध्ये शब्दाच्या शेवटी ‘न’, ‘ङ’ आणि क्वचित ‘र’ सोडून व्यंजन येत नाही, म्हणून ‘डॉग’चं ‘डॉग-अ’ होतं. तिथे जोर द्यायला लावू नका, उलट शेवट हलक्या आवाजात म्हणायला लावा. ‘ही’ आणि ‘शी’ची अदलाबदल तर बरेच महिने चालते, कारण बोलण्यात त्यांना दोन्हींना एकच ‘था’ पुरतो. दर वेळी वाक्य तोडून दुरुस्त करू नका. मुलगा-मुलीची दोन चित्रं हाताशी ठेवा आणि मूल बोलत असतानाच योग्य चित्र वर धरा.